काटा शून्यावर का आला?

प्रयोगशाळेत व्होल्टमीटरचा काटा शून्यावर पडला की मुले लगेच म्हणतात, "सर, सेल गेला." पण कधी सेल ठणठणीत असतो आणि मीटरचीच तार सुटलेली असते. हा घोटाळा एकदा थेट चंद्राच्या वाटेवर झाला होता.

14 नोव्हेंबर 1969. अमेरिकेत केनेडी अवकाश केंद्रावर पाऊस पडत होता. अशा हवेत अपोलो-12 चे उड्डाण करायला नको होते असे आज कोणीही म्हणेल; पण त्या वेळच्या नियमांत ते बसत होते. यानात पीट कॉनरॅड, डिक गॉर्डन आणि ॲलन बीन हे तिघे होते. उड्डाणानंतर साडेछत्तीस सेकंदांनी यानावर वीज पडली आणि 52 व्या सेकंदाला पुन्हा पडली. ती ओढून आणली होती स्वतः अग्निबाणानेच. शंभर मीटरहून उंच धातूचा खांब आणि त्यामागे तप्त वायूंचे लांबलचक शेपूट! विजेला दुसरी वाट कशाला हवी?

यानाला वीज पुरवायला तीन इंधनघट होते. हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या संयोगातून ते वीज तयार करीत. प्रवाह बेसुमार वाढला तर त्यांना मंडलातून तोडणारी संरक्षक व्यवस्था होती. विजेच्या धक्क्याने ती फसली आणि तिन्ही घट एकदम सुटले. सुमारे 75 अँपिअरचा सगळा भार दोन बॅटऱ्यांवर आला. एका सेलवर एका बल्बऐवजी चार बल्ब लावले की प्रकाश मंदावतो. तसेच इथे घडले. 28 व्होल्टच्या आसपास असणारा दाब क्षणभर 18-19 पर्यंत घसरला आणि मग 23-24 वर स्थिरावला. दाब 26.25 व्होल्टच्या खाली गेला की इशाऱ्याचा दिवा लागावा अशी योजना होती. तो लागलाच, पण त्याच्याबरोबर इतके दिवे पेटले की कॉनरॅडला कोणता आधी वाचावा हे कळेना.

खरी पंचाईत मात्र ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षात झाली. यानातील निरनिराळ्या मापकांचे संकेत एकसारखे करून पृथ्वीकडे पाठवणारे एक उपकरण होते, सिग्नल कंडिशनिंग इक्विपमेंट, थोडक्यात एससीई. दाब फार घसरल्यास स्वतःच बंद व्हावे, अशी त्याची रचना होती. म्हणजे वीजपुरवठा बिघडला आहे हे सांगायचे त्यानेच नेमक्या त्या वेळी तोंड मिटले! पडद्यावर निरर्थक आकडे दिसू लागले.

विद्युत व्यवस्थेवर लक्ष ठेवणारा जॉन ॲरन तेव्हा 26 वर्षांचा होता. सुमारे वर्षभरापूर्वी एका चाचणीत असेच विचित्र आकडे त्याने पाहिले होते. ते त्याचे काम नसतानाही 'हे असे का?' म्हणून त्याने मूळ शोधले आणि ते एससीईपर्यंत जाऊन पोहोचले. आता त्याने सांगितले, एससीई 'ऑक्झिलरी'वर टाका. या स्थितीत ते उपकरण कमी दाबावरही चालते. उड्डाणप्रमुख गेरी ग्रिफिन यांना ही कळ ठाऊक नव्हती, कॉनरॅडलाही नव्हती. बीनला होती, ती त्याच्या समोरच होती. त्याने ती फिरवली आणि पडद्यावर खरे आकडे आले. घट शाबूत होते, फक्त सुटलेले होते. तीन मिनिटांच्या आत ते पुन्हा जोडले गेले. अग्निबाणाची स्वतःची दिशादर्शक यंत्रणा वेगळी असल्याने तो मार्गावरच राहिला होता.

यान चंद्रावर उतरले ते 19 नोव्हेंबरला, 'वादळांचा महासागर' नावाच्या मैदानावर.

एक शंका मात्र उरली होती. परतताना हवाई छत्र्या सोडणारी स्फोटके विजेने निकामी झाली असतील का? ती तपासणारा कोणताही मीटर यानात नव्हता. नियंत्रकांनी अंतराळवीरांना ही शंका बोलून दाखवली नाही. 24 नोव्हेंबरला प्रशांत महासागरावर तिन्ही छत्र्या उघडल्या.