काओह्वांग: पाठीवरील एका बिंदूची कुळकथा

वक्षभागातील चौथ्या मणक्याच्या खालच्या कडेच्या रेषेत, कण्याच्या दोन्ही बाजूंस तीन चुनांवर, म्हणजे खांद्याच्या फऱ्याच्या आतील कडेलगत, चिनी वैद्यकातील काओह्वांग हा बिंदू येतो. चुन हे ज्याच्या-त्याच्या शरीरावरून ठरणारे माप असून कण्यापासून फऱ्यापर्यंतचे अंतर तीन चुन धरतात.

हृदयाखालची चरबी म्हणजे काओ, आणि हृदय व श्वासपटल यांमधली जागा म्हणजे ह्वांग. ‘ज्वोच्वान’ या इतिवृत्तानुसार इ. स. पू. ५८१ मध्ये जिन राज्याचा अधिपती चिंग आजारी असताना त्याच्या स्वप्नात व्याधी दोन बालकांच्या रूपाने आली आणि येऊ घातलेल्या वैद्याच्या धाकाने काओ व ह्वांग यांच्यामध्ये दडून बसली. ह्वान नावाच्या त्या वैद्यानेही तेथवर सुई वा औषध पोहोचत नाही, असेच निदान केले.

तिसऱ्या शतकातील ‘च्याई चिंग’ ग्रंथाच्या ३४९ बिंदूंत काओह्वांग नाही. तो प्रथम दिसतो वैद्य सुन स्समियाओ यांच्या ६५२ च्या सुमाराच्या ग्रंथात. ह्वानला अगम्य ठरलेली जागा हीच, असे सांगून, ती सापडत नाही हा वैद्यांच्या हाताचा दोष आहे, असे त्यांनी ठासून म्हटले. त्यांच्या या म्हणण्यातच बिंदूचा खरा जन्म आहे. फरा बाजूला सरकल्याखेरीज ही जागा मोकळी होत नाही, म्हणून रुग्णाला हात पुढे घेऊन बसवावे, असा त्यांचा विधी होता. साकोलीच्या धानपट्ट्यात रोवणी करणाऱ्या बाईने वाकून हात पुढे नेला की फरा असाच कण्यापासून दूर जातो. या बिंदूवर सुईऐवजी वाळलेल्या दवण्याच्या जातीच्या पाल्याचा शेक, म्हणजे मोक्सा, देण्यावर सुन यांचा भर होता. खाली फुप्फुस असल्याने खोल सुई आजही धोक्याची मानतात. युद्धातून पळताना हिवतापाने खंगलेल्या च्वांग छ्वो यांना अशा तीनशे शेकांनी गुण आला, आणि त्यांनी ११२८ मध्ये या एका बिंदूवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला.

महाराष्ट्राशी अशा बिंदूंवर सुई टोचण्याच्या विद्येचा, म्हणजे ॲक्युपंक्चरचा, धागा १९३८ मध्ये चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकातून जुळतो. त्या पथकातील सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९४२ मध्ये चीनमध्येच निवर्तले. त्यांचे सहकारी डॉ. बिजयकुमार बसू यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस तेथे ॲक्युपंक्चर शिकून ते कोलकात्यात आणले. पुढे महाराष्ट्रानेही २०१५ च्या अधिनियमाने या उपचारपद्धतीला कायद्याची चौकट दिली.