आगबोटीवरील बक्षिसी

श्रोतेहो, आज ज्या विषयासंबंधी मी बोलणार आहे, तो इतिहासाच्या ग्रंथांत सहसा आढळावयाचा नाही. लढाया, तह, राज्यारोहणे ह्यांच्या नोंदी राहतात. परंतु प्रवासाच्या अखेरीस उतारूने नोकराच्या तळहातावर ठेवलेल्या नाण्याची नोंद कोण ठेवणार? तथापि रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील असंख्य कुटुंबांची चूल ज्या दर्यावरील नोकरीवर पेटत आली, त्या नोकरीच्या हिशेबात ह्या नाण्याचा वाटा लहान नव्हता. ते कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेले ह्याचा माग काढू लागले, म्हणजे आगबोटीवरील सारी उतरंड आपल्या दृष्टीस पडते.

प्रथम शब्दाकडे पाहू. ‘बक्षीस’ हा शब्द फारसी; देणे, दान करणे ह्या अर्थाच्या धातूपासून तो निघाला. मराठी राज्याच्या अमदानीत त्याचे तेज निराळे होते. गड सर करणाऱ्या शिलेदाराला सोन्याचे कडे मिळे, ते बक्षीस. सरकारने रणांगणावरील मर्दुमकीची केलेली ती कदर होती, आणि असे कडे हाती मिरविण्यात कोणालाही कमीपणा वाटत नसे. पुढे हाच शब्द इंग्रज साहेबांच्या तोंडी ‘बक्शीश’ होऊन बसला आणि बंदरावर, स्टेशनावर, हॉटेलच्या दारात मागावयाच्या चिल्लरीला लागला. शब्दांनाही दिवस पालटतात ते असे! इंग्रजी ‘टिप’ ह्या शब्दाविषयी, तो म्हणे ‘तत्परतेची हमी’ अशा अर्थाच्या तीन इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांचा बनला आहे, अशी एक कथा सांगतात. ती ऐकावयास गोड आहे, पण खरी नाही. हा शब्द सतराव्या शतकातील लंडनच्या भुरट्या चोरांच्या बोलीतला आहे, व ‘हळूच हाती देणे’ एवढाच त्याचा मूळ अर्थ.

आपल्याकडे गावगाड्यात ह्या देण्याघेण्याची रीत अगदी वेगळी होती. सुतार, लोहार, न्हावी, परीट ह्यांना पिकाच्या वेळी जे बलुते मिळे, तो त्यांचा हक्क असे. ते कोणाच्या लहरीवर अवलंबून नसे. दिवाळीची पोस्त मात्र खुशीची. तरीही ती केव्हा द्यावयाची, कोणाला द्यावयाची व साधारणपणे किती द्यावयाची, हे रूढीने ठरून गेलेले असे. देणारा व घेणारा एकाच गावचे, एकमेकांच्या आजोबांची नावे जाणणारे. आगबोटीवर ही ओळखच नाहीशी झाली. दोन दिवसांपूर्वी ज्याचे तोंड पाहिले नाही आणि दोन दिवसांनंतर जो पुन्हा भेटावयाचा नाही, अशा माणसाची सेवा करावयाची व त्याच्या मर्जीकडे डोळे लावून बसावयाचे, हा प्रकार वाफेच्या युगाने आणला.

कोकणच्या किनाऱ्यावर आगबोटी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नियमितपणे फिरू लागल्या. जुनी मंडळी ज्यांना ‘शेपर्डच्या बोटी’ म्हणत, त्यांचा कारभार पुढे बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीकडे आला. तिच्याशी टक्कर देण्यासाठी स्वदेशीच्या चळवळीतून निघालेली कंपनी लोकांच्या तोंडी ‘माझी आगबोट कंपनी’ ह्या लाडक्या नावाने राहिली. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले ही बंदरांची माळ त्या काळी कोकणच्या पोरासोरांनाही पाठ असे. पावसाळा आला की ही वाहतूक बंद पडे आणि दर्या निवळला की पुन्हा सुरू होई. बहुतेक ठिकाणी आगबोट धक्क्याला लागतच नसे. ती दूर खोल पाण्यात उभी राही व उतारूंना पडावातून तिच्यापर्यंत जावे लागे. एका हाताने पोर सावरीत, दुसऱ्या हाताने शिडी धरीत वर चढावयाचे, आणि खाली पडाव लाटेबरोबर पुरुषभर वरखाली होतो आहे! अशा वेळी ज्या खलाशाने म्हातारीला बखोटीला धरून वर घेतले, त्याला आणा-दोन आणे देताना कोणाच्याही मनात ‘हा रिवाज योग्य की अयोग्य’ असा प्रश्न उभा राहत नसे.

परंतु ह्याच बोटींवर दुसराही एक प्रकार चाले. डेकच्या उतारूला ठरावीक जागा नसे. ज्याने प्रथम पथारी पसरली त्याची ती जागा. तेव्हा मुंबईच्या धक्क्यावर हमाल आधीच वर धावत, चार चादरी पसरीत, आणि मागून येणाऱ्या कुटुंबवत्सल चाकरमान्याला ती जागा पैसे घेऊन देत. ज्या हक्काचे पैसे तिकिटात भरून झाले, तोच हक्क पुन्हा विकत घ्यावयाचा! ह्यालाही बक्षिसीच म्हणत. उपकाराचे फेडणे आणि अडवणुकीचा दंड ह्या दोन्ही गोष्टींना लोकांनी एकच नाव दिले, आणि ह्या विषयात आजतागायत जो घोटाळा आहे त्याचे मूळ मला तरी इथेच दिसते. १९४७ च्या १७ जुलै रोजी रेवसच्या वाटेवर ‘रामदास’ बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली, ती दुर्घटना कोकण अद्याप विसरलेले नाही. पुढे मोगल लाइनच्या ‘कोकणशक्ती’ व ‘कोकणसेवक’ ह्या बोटी ह्या मार्गावर चालल्या; मग तीही वाहतूक थांबली, आणि १९९८ पासून कोकण रेल्वे आली.

आता किनारा सोडून महासागराकडे वळू. मुंबईहून विलायतेस जाणाऱ्या पी. अँड ओ. सारख्या कंपन्यांच्या जहाजांवर हिंदी नोकरांची वाटणी मोठी चमत्कारिक होती. डेकवरील कामाला रत्नागिरीच्या व आसपासच्या किनाऱ्यावरील माणसे घेत, आणि त्यांत कोकणी मुसलमानांचा भरणा मोठा असे. भट्टीपाशी पंजाबकडील व सरहद्दीकडील माणसे. आणि सलून, म्हणजे भोजनगृह व केबिनी, गोव्याच्या ख्रिस्ती मंडळींकडे. डेकवर सारंग हा मुख्य, त्याच्याखाली तांडेल, मग कसाब, सुकाणी व साधे खलाशी. रांधणारा तो भंडारी व झाडणारा तो टोपस. ‘सारंग’ हा शब्द फारसीतील ‘सरहंग’ म्हणजे सेनानायक ह्यावरून आलेला, आणि ज्यांना साहेब ‘लस्कर’ म्हणे, त्या शब्दाचे मूळही लष्करच. नावे अशी फौजेची, पण पगार गोऱ्या खलाशाच्या मानाने कित्येक पटींनी कमी.

ह्या वाटणीचा बक्षिसीशी निकटचा संबंध आहे. विलायती उतारूंचा शिष्टाचार असा, की प्रवासाच्या शेवटच्या दिवशी केबिन सांभाळणाऱ्याला, टेबलावर वाढणाऱ्याला व स्नानाची सोय पाहणाऱ्याला वेगवेगळी बक्षिसी द्यावी. कप्तानाला, डॉक्टराला किंवा कोणत्याही अधिकाऱ्याला नाणे देऊ करणे हा त्याचा अपमान समजला जाई. ह्यातून गोव्याच्या बटलराच्या मासिक कमाईला भर पडे. परंतु तुफानात मध्यरात्री दोरखंडाशी झोंबणारा राजापूरकडचा किंवा दाभोळकडचा खलाशी उतारूच्या दृष्टीसच पडत नसे, मग त्याच्या हातावर काय पडणार? जो डोळ्यांसमोर हसतमुखाने उभा राहतो त्याला मोबदला, आणि ज्याच्या श्रमावर जहाज तरते तो कोरडा. बक्षिसीच्या रिवाजातील हे व्यंग त्या एका जहाजावर जितके उघडे पडते, तितके अन्यत्र क्वचितच पडत असेल. बटलराचीही अवस्था सर्वस्वी सुखाची होती असे मात्र कोणी समजू नये. पन्नाशीला आलेल्या, घरी नातवंडे असलेल्या माणसाला विशीतल्या पोराने ‘बॉय’ म्हणून हाक मारावी आणि त्याने ‘येस सर’ म्हणून धावावे, हे त्या नाण्याबरोबर गिळावे लागे.

आता ह्या नाण्याची दुसरी बाजू पाहा. जहाजावर चढण्यापूर्वीच खलाशाला स्वतःच्या पदरचे पैसे द्यावे लागत. त्याला ‘दस्तुरी’ म्हणत, म्हणजे रिवाजाचे देणे. भरती सारंगाच्या व दलालाच्या हाती. सारंग आपल्या गावची, आपल्या नात्यागोत्यातली माणसे घेई, ही त्यातली चांगली बाजू. परंतु जागा थोड्या व उमेदवार फार अशा वेळी पैसा देणाराच आधी घेतला जाई. नोकरीची वाट पाहत महिनेच्या महिने मुंबईत राहावयाचे, तर गावकीच्या खोलीत वळकटी टाकून. गोव्याच्या मंडळींचे ‘कूड’ धोबीतलावाच्या बाजूस असत. खाणावळीची उधारी, सावकाराचे व्याज आणि दस्तुरी ही तीन देणी डोक्यावर घेऊन माणूस समुद्रावर जाई, आणि पगार हाती येई तेव्हा त्यातला बराचसा आधीच दुसऱ्याचा झालेला असे. सारांश, वरच्या मजल्यावरील उतारू खुशीने खाली देत होता आणि तळचा खलाशी नाइलाजाने वर देत होता.

हे जगाच्या लक्षात आले नव्हते असे नाही. १९२० साली जिनोआ येथे आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेने ठराव केला, की खलाशांना नोकरी लावून देणे हा कोणीही नफ्याचा धंदा करू नये. १९२२ मध्ये हिंदुस्थान सरकारच्या क्लो समितीने, आणि १९३१ मध्ये व्हिटले ह्यांच्या अध्यक्षतेखालील शाही मजूर कमिशनने भरतीतील गैरप्रकारांची चिकित्सा केली. १९३९ च्या अखेरीस, दुसरे महायुद्ध पेटताच, हिंदी खलाशांनी परदेशच्या बंदरांतून काम नाकारले, कित्येकांनी तुरुंगवास पत्करला, आणि पगारवाढ व युद्धभत्ता पदरात पाडून घेतला. त्यांनी बक्षिसी मागितली नव्हती. पगार मागितला होता. स्वातंत्र्यानंतर १९५८ च्या व्यापारी जहाजवाहतुकीच्या कायद्याने नोकरीबद्दल खलाशाकडून पैसे घेणे हा गुन्हा ठरविला. २०२५ साली त्या जुन्या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत झाला आहे.

बक्षिसी मुळातच बंद करावी असाही प्रयोग होऊन गेला. अमेरिकेत १९०९ साली वॉशिंग्टन संस्थानाने ती कायद्याने निषिद्ध केली व आणखी काही संस्थानांनी त्याचे अनुकरण केले. परंतु १९२६ पर्यंत हे सारे कायदे रद्द झाले. ज्या देशाने एकेकाळी ह्या चालीला सरंजामी म्हणून नाक मुरडले, तोच आज तिचा सर्वांत मोठा पुरस्कर्ता आहे. आपल्याकडे उपाहारगृहांनी सेवाशुल्क सक्तीने आकारू नये असा दंडक केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ साली घातला, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये तो उचलून धरला.

आजची सफरी जहाजे, ज्यांना क्रूझ म्हणतात, ती म्हणजे तरंगती शहरेच. त्यांवरील अमेरिकन कंपन्यांत बक्षिसी बहुधा आपोआप बिलात चढते: दर माणशी, दर दिवशी सुमारे पंधरा ते वीस डॉलर. ती एकत्र करून केबिनवाले, वाढपी व पडद्यामागची काही माणसे ह्यांत वाटली जाते. मद्याच्या बिलावर आणखी वेगळा आकार. पुष्कळ कंपन्यांत उतारू चौकशीच्या टेबलाशी जाऊन ही रक्कम कमी करवून घेऊ शकतो, आणि तसे करणारे शहाणे निघतातही. त्यांना वाटते की आपण कंपनीला धडा शिकविला. पण कंपनीचे भाडे तिच्या पेटीत सुरक्षित असते, आणि तोटा लागतो तो कदाचित रत्नागिरीच्याच एखाद्या मुलाला. एखाद्याची वागणूक खरोखरीच वाईट असेल, तर लेखी तक्रार करावी. बक्षिसी कापून घेऊ नये, कारण त्याचा फटका त्याच्या निर्दोष सोबत्यांनाही बसतो. कोणी विशेष आस्थेने सेवा केली असेल, तर शेवटच्या रात्री पाकिटात घालून, नावाने हाक मारून द्यावे, आणि कंपनीकडे त्याच्याविषयी दोन ओळी चांगल्या लिहाव्या; बढतीच्या वेळी त्या ओळी उपयोगी पडतात. पी. अँड ओ. हे जुने नाव आज ज्या सफरी जहाजांवर आहे, त्यांनी मे २०१९ पासून ही आपोआप चढणारी रक्कम बंद केली. ज्या नावाच्या जहाजांवर आमच्या आजोबांच्या पिढीने बक्षिसीचा शिष्टाचार पाहिला, तिथे हा फेरबदल व्हावा ही नोंद करण्याजोगी गोष्ट आहे.

ह्या जहाजांवर भारतीय किती आहेत, हे देशाला एकाएकी कळले ते २०२० च्या साथीत. जपानच्या योकोहामा बंदरात ‘डायमंड प्रिन्सेस’ अडकून पडले, तेव्हा त्यावरील १३८ भारतीयांपैकी १३२ हे नोकर होते व उतारू अवघे सहा. सफरी थांबल्या की उतारू नाहीत, आणि उतारू नाहीत म्हणजे बक्षिसीही नाही. ज्यांच्या कमाईचा मोठा भाग ती होती, त्यांना मूळ पगार किती तुटपुंजा आहे ते त्या महिन्यांत उमगले.

दस्तुरी मेली आहे असेही नाही. तिने फक्त पोशाख बदलला आहे. पूर्वी सारंग घेत असे, आता ‘प्रोसेसिंग’च्या नावाखाली भुरटे दलाल मागतात. भारताने २०१५ साली मान्य केलेल्या सागरी मजूर कराराप्रमाणे नोकरी लावून देण्याची फी खलाशाकडून घेता येत नाही. पासपोर्ट, वैद्यकीय दाखला, खलाशाचे ओळखपुस्तक असे मोजके खर्च तेवढे त्याचे. त्याच कराराने कामाच्या तासांनाही मर्यादा घातली आहे: चोवीस तासांत दहा तास व आठवड्यात सत्याहत्तर तास विश्रांती मिळालीच पाहिजे, किंवा काम चोवीस तासांत चौदा व आठवड्यात बहात्तर तासांच्या वर जाता कामा नये.

म्हणून ज्या श्रोत्यांच्या घरचा मुलगा ह्या नोकरीवर निघाला असेल, त्यांनी दोन गोष्टी अवश्य पाहाव्या. पहिली, भरती करणाऱ्या संस्थेकडे जहाजवाहतूक महासंचालकांचा परवाना आहे काय. दुसरी, करारपत्रात जो पगार लिहिला आहे, त्यात बक्षिसी धरलेली आहे की ती त्याहून वेगळी मिळावयाची आहे. काही कंपन्या हमीच्या आकड्यात ती मिळवून टाकतात, आणि मग उतारूने उदार मनाने दिलेला पैसा कंपनीच्या देण्यातूनच वजा होतो. हे कलम करारपत्राच्या मागच्या पानांवर असते. सही करण्यापूर्वी ते वाचून घ्यावे.