आयसिंग यांचे 'नाही' आणि एका थराचे चुंबक

तीसेक वर्षे मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवले. 'आयसिंग मॉडेल' फळ्यावर काढले, की मागच्या बाकावरून एखादा हमखास विचारायचा, "सर, हे आयसिंग कोण?" "जर्मनीतले एक शास्त्रज्ञ," एवढे सांगून मी पुढे सरकत असे. निवृत्तीनंतर त्यांची हकिकत वाचली आणि त्या उडवाउडवीची लाज वाटली. ते राहून गेलेले उत्तर आज देतो.

अर्न्स्ट आयसिंग यांचा जन्म १९०० सालचा, कोलोनचा. हॅम्बुर्ग विद्यापीठात प्राध्यापक विल्हेल्म लेंझ यांनी त्यांना डॉक्टरेटसाठी एक प्रश्न दिला. लोखंडातला प्रत्येक अणू म्हणजे एक इवलेसे चुंबक. लोखंड खूप तापलेले असते तेव्हा या चुंबकांची तोंडे वाटेल तिकडे असतात. ते निवत जाते आणि एका ठरावीक तापमानाखाली ती एका दिशेला वळू लागतात. पाण्याचे बर्फ व्हावे तसेच हेही अवस्थांतर. पण प्रत्येक अणू फक्त शेजाऱ्याचेच ऐकत असेल, तर सगळ्यांचे एकमत होते कसे?

आयसिंग यांनी अणू एका ओळीत उभे केले. तोंड वर किंवा खाली, एवढीच मुभा. गणित सुटले आणि उत्तर आले : एकमत होत नाही. कानगोष्टीच्या खेळात मधल्या एकाने चुकीचे सांगितले की पुढची सगळी रांग चुकते, तसेच हे. १९२५ साली त्यांचा निबंध छापून आला. इथवर सारे बिनचूक होते. मात्र लांबी-रुंदी-उंची असलेल्या खऱ्या पदार्थातही असेच होईल, असा अंदाज त्यांनी बांधला आणि तिथे ते चुकले.

पुढे संशोधन सोडून ते शाळामास्तर झाले. १९३३ साली ज्यू म्हणून नोकरी गेली. पॉट्सडॅमजवळ कापुट गावी ज्यू मुलांच्या शाळेत ते शिकवू लागले, तिथले मुख्याध्यापकही झाले. नोव्हेंबर १९३८मध्ये ती शाळा उद्ध्वस्त करण्यात आली. आयसिंग कुटुंब लक्झेंबर्गला गेले, पण पाठोपाठ जर्मन फौजाही तिथे पोहोचल्या. या विद्वान माणसाने तिथे मेंढ्या राखल्या, रेल्वेमार्गावर मजुरी केली. १९४७ साली एका मालवाहू जहाजाने ते अमेरिकेला पोहोचले.

मधल्या काळात त्यांचा प्रश्न इतरांनी पुढे नेला होता. १९३६ साली रुडॉल्फ पायर्ल्स यांनी दाखवले, की अणू ओळीऐवजी जाळीत मांडले तर चित्र पालटते. ओळ एका चुकीने तुटते. जाळीत मात्र चुकणाऱ्यांचे बेट मोठे करायचे तर त्याचा बांधही लांबवावा लागतो आणि प्रत्येक पावलाला ऊर्जा मोजावी लागते. १९४४ साली लार्स ऑन्सागर यांनी चौकोनी जाळीसाठी त्या अवस्थांतराचे तापमान गणिताने नेमके काढले. आपल्या नावाचा एवढा बोलबाला झाल्याचे आयसिंग यांना कळले ते १९४९च्या सुमारास!

पण अणूच्या जाडीचा सुटा थर खरोखर चुंबक होईल का? १९६६ साली मर्मिन आणि वॅग्नर यांनी सिद्ध केले, की अणूंना कुठल्याही दिशेला वळायची सारखीच मोकळीक असेल तर सपाट जाळीत चुंबकत्व टिकत नाही. या सिद्धान्तातला 'असेल तर' महत्त्वाचा. आयसिंग यांच्या अणूंसारखे वर-खालीचे बंधन असेल, तर ही मनाई लागू होत नाही.

असा पदार्थ सापडला तो क्रोमियम ट्रायआयोडाइड. हा एक अर्धवाहक असून खारी बिस्किटासारखा पापुद्र्यांचा बनलेला असतो. चिकटपट्टीने त्याचे पापुद्रे सोलता येतात. २०१७ साली सिएटलचे वॉशिंग्टन विद्यापीठ आणि एमआयटी येथील शास्त्रज्ञांनी त्याचा एकच थर उणे २२८ अंश सेल्सियसखाली चुंबक होतो, असे दाखवले. जाड स्फटिकात हे उणे २१२ अंशांनाच घडते.

मात्र एक कोडे उरले. दोन थर एकावर एक असले, की एकाचे तोंड वर तर दुसऱ्याचे खाली, बेरीज शून्य! मग जाड स्फटिकात सगळ्या थरांचे एकमत कसे?

उत्तर रचनेत होते. फळवाला संत्र्यांचा ढीग रचतो तेव्हा वरची संत्री खालच्यांच्या खळग्यांत बसवतो. ती बसवायच्या तऱ्हा एकाहून अधिक असतात. जाड स्फटिक निवताना उणे साठ अंशांच्या आसपास त्याचे थर एकमेकांवरून किंचित सरकतात आणि मांडणी बदलते. हे दुसरे अवस्थांतर, रचनेचे. पातळ पापुद्र्यांत थर सरकत नाहीत. जुनीच मांडणी राहते आणि तीत शेजारी थर उलट तोंडे करतात. २०१९ साली दोन गटांनी पातळ पापुद्र्यांवर सुमारे दोन गिगापास्कल, म्हणजे हवेच्या दाबाच्या वीसेक हजार पट दाब दिला. थर सरकले आणि विरुद्ध तोंडे एका दिशेला वळली. दाब काढल्यावरही ती तशीच राहिली. अणू तेच, थरही तेच; फरक पडला तो एकमेकांवर बसण्याच्या तऱ्हेत.

आयसिंग यांनी इलिनॉयमधील ब्रॅडली विद्यापीठात १९७६पर्यंत शिकवले. १९९८ साली ते वारले. एका थराचे चुंबक पाहायला ते राहिले नाहीत. त्यांचा एक अंदाज चुकला होता, पण प्रश्न इतका नेटका मांडलेला होता, की ती चूक इतरांना सापडू शकली. मागच्या बाकावरच्या त्या मुलांना मी हे सांगायला हवे होते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)