नाईट ड्युटी सांभाळून पदवी : सिस्टरांच्या शिक्षणाची एक जुनी गोष्ट

रात्रीचे दोन वाजलेत. तुम्ही वॉर्डात जागेच आहात. सलाईन चालू आहे, शेजारच्या बेडवरचे आजोबा एकदाचे झोपले आहेत आणि काउंटरपाशी सिस्टर काहीतरी लिहीत बसल्या आहेत. तुम्हाला वाटते, केसपेपर भरत असतील. बहुतेक वेळा तसेच असते. पण कधी कधी ती वही त्यांच्या स्वतःच्या अभ्यासाची असते. एका रुग्णाच्या मुलाने माझ्याकडे तशी तक्रारच केली होती : "डॉक्टर, सिस्टर ड्युटीवर अभ्यास करतात!"

ड्युटीचा वेळ रुग्णाचा, हे त्याचे म्हणणे बरोबरच होते. पण आधीच नोकरीत असलेल्या, इंजेक्शनापासून इमर्जन्सीपर्यंत सगळे येत असलेल्या बाईंना पुन्हा परीक्षेला का बसावे लागते, हे समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागेल.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाच्या निधीतून १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये परिचारिकांची शाळा सुरू झाली. तिथल्या मुलींना राहणे, जेवण, गणवेश आणि वर्षाला १० पौंड मिळत. त्या बदल्यात त्या वॉर्डात काम करत आणि काम करता करताच शिकत. कल्पना चांगली होती. पण ती जगभर पसरली तशी हॉस्पिटलांच्या लक्षात आले की शाळा काढली की स्वस्तात मनुष्यबळ मिळते. मग विद्यार्थिनींच्याच जिवावर वॉर्ड चालू लागले. दिवसभर राबायचे आणि उरलेल्या वेळात, पेंगत, व्याख्यान ऐकायचे. म्हणजे नोकरी सांभाळून शिकणे ही परिचारिकांसाठी आजची नवी कसरत नाही, त्यांचे शिक्षण सुरूच तसे झाले. फक्त त्यातून प्रमाणपत्र मिळे, पदवी नाही.

यावर पहिला मोठा आवाज अमेरिकेत उठला. न्यूयॉर्कच्या टीचर्स कॉलेजने १८९९ साली शिकून बाहेर पडलेल्या परिचारिकांसाठी वेगळा अभ्यासक्रम काढला. पुढे १९२३ साली गोल्डमार्क अहवाल आला. मुलींचे शिक्षण हॉस्पिटलच्या कामाच्या सोयीने चालते आणि त्यात शिक्षणच मागे पडते, असा त्याचा सूर होता. त्याच वर्षी येल विद्यापीठात नर्सिंगची शाळा सुरू झाली. तिथे मुलगी आधी विद्यार्थिनी, वॉर्डातली कामकरी नंतर.

आपल्याकडे काय होते? परिचर्येच्या पाठ्यपुस्तकांत मुंबईच्या कामा हॉस्पिटलात १८९१ साली प्रशिक्षणाला आलेल्या बाई काशीबाई गणपत यांचे नाव पहिल्या भारतीय परिचारिका म्हणून येते. त्यानंतर अर्धशतकाने, १९४६ साली, भोर समितीने देशाच्या आरोग्याचा हिशेब मांडला. सगळ्या देशात परिचारिका होत्या सुमारे ७ हजार, म्हणजे ४३ हजार लोकांमागे एक! १९७१पर्यंत ७ लाख ४० हजार हव्यात, असे समितीने म्हटले. त्याच १९४६ साली दिल्ली आणि वेल्लोर इथे नर्सिंगचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला.

इथून आपल्याकडे दोन वाटा झाल्या. चार वर्षांची बी. एस्सी. नर्सिंग ही पदवी, आणि जीएनएम हा डिप्लोमा. वॉर्ड चालवायला माणसे लगेच हवी होती, म्हणून डिप्लोमाच्या शाळा भराभर निघाल्या. घरी लवकर पगार नेण्याची गरज असलेल्या मुलींनाही तीच वाट जवळची होती. पुढे शिक्षिका व्हायचे किंवा एम. एस्सी. करायचे, तर मात्र पदवीशिवाय दार उघडत नाही.

डिप्लोमावाल्यांसाठी त्रिवेंद्रम इथे १९६३ साली दोन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम निघाला. आज आपण त्याला पोस्ट बेसिक म्हणतो. पण दोन वर्षे पूर्ण वेळ कॉलेजात बसायचे, तर नोकरीचे काय? अभ्यासरजा मिळाली तर ठीक, नाहीतर पगारावर पाणी. घरात दोन मुले आणि सासूबाई असतील, तर हा विचार तिथेच थांबतो. १९९४ साली इग्नूने हाच अभ्यासक्रम नोकरीतल्या नोंदणीकृत परिचारिकांसाठी दूरशिक्षणाने आणला. दोनाऐवजी निदान तीन वर्षे लागणार, पण नोकरी सोडायची नाही. पुस्तके घरी, प्रॅक्टिकल मात्र केंद्रावर जाऊनच. आणि ते योग्यच आहे, कारण हे शिक्षण नुसते पोस्टाने होण्यासारखे नाही.

आता यात तुमचा, म्हणजे रुग्णाचा, संबंध काय? तो फार मोठा आहे. लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी युरोपातल्या ९ देशांतल्या ३०० हॉस्पिटलांमधल्या, शस्त्रक्रिया झालेल्या ४ लाखांहून अधिक रुग्णांचा अभ्यास २०१४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापला. हॉस्पिटलात पदवीधर परिचारिकांचे प्रमाण १० टक्क्यांनी जास्त असेल, तर ३० दिवसांत रुग्ण दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी कमी आढळली. पदवीमुळेच हे घडले, असे अशा अभ्यासातून सिद्ध होत नाही. पण दुर्लक्ष करण्याजोगाही हा आकडा नाही.

दुसरी बाजूही सांगतो. २००४ सालच्या एका अमेरिकन अभ्यासात साडेबारा तास किंवा त्याहून लांब शिफ्ट करणाऱ्या परिचारिकांकडून चूक होण्याची शक्यता तिप्पट दिसली. तो अभ्यास विद्यार्थिनींचा नव्हता. पण नाईट संपवून थेट वर्गात आणि तिथून पुन्हा ड्युटीवर येणाऱ्या बाईंची झोप किती होत असेल, याचा अंदाज तुम्हीच करा. म्हणून माझ्या मते, हॉस्पिटलांनी शिकणाऱ्या सिस्टरांची ड्युटी वेगळी लावायला हवी, परीक्षेच्या आदल्या रात्री तरी नाईट नको. बऱ्याच वॉर्डांत हे मैत्रिणीच आपापसांत ड्युटी बदलून करून टाकतात.

त्या मुलाला मी एवढेच सांगितले, आणि तुम्हालाही सांगतो : सिस्टर वाचताना दिसल्या म्हणून संकोच करू नका. सलाईन संपत आले, धाप लागली, टाक्यांतून रक्त आले, तर लगेच बेल वाजवा. वही मिटायला त्यांना दोन सेकंदही लागत नाहीत.