‘बुऱ्हाणपूर’ हा शब्द आणि मुक्त संगणकप्रणाली

तापीकाठच्या बुऱ्हाणपूर नगरीस अनेक भाषा एकत्र नांदविण्याची सवय जुनी आहे. येथील जामा मशिदीच्या आत अरबी लेखाबरोबरच एक संस्कृत शिलालेखही आहे. शके १५११ चा, म्हणजे इ. स. १५९० च्या प्रारंभीचा हा लेख राजा अली खान ऊर्फ आदिलशहा फारुकी याची वंशावळ सांगतो आणि काळाची नोंद पंचांगाप्रमाणे करतो. पुढे मोगलांचा सुभेदार म्हणून येथे दीर्घकाळ राहिलेला अब्दुर्रहीम खानखाना स्वतःच अनुवादक होता. बाबराच्या तुर्की आत्मचरित्राचा फारसी अनुवाद त्याने १५८९ मध्ये अकबरास सादर केला. त्यापूर्वीचे फारसी प्रयत्न अपुरे राहिले होते.

अशा या नगरीचे नाव मराठीत लिहिताना संगणक मात्र अडखळत असे. हिंदीत ‘बुरहानपुर’ असे सुट्या अक्षरांनी लिहितात. मराठीस तेथे कोरीसारखा अर्धा ‘ऱ्’ हवा. रफार देऊन भागत नाही. आचार्यांना आणि आचाऱ्यांना एकाच पंक्तीस बसवता येईल, एकाच शब्दात नव्हे. १९९१ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या युनिकोड या जागतिक संकेतात देवनागरीचा समावेश होता. त्यात ‘ऱ’ हे अक्षर द्राविडी भाषांतील एका ध्वनीच्या लेखनासाठी आहे. त्याला हलन्त जोडून मराठीचा अर्धा ‘ऱ्’ साधतो. ‘र’, हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह अशी दुसरी रीतही मान्य आहे. डोळ्यांस दोन्ही रूपे सारखीच दिसतात. संगणकाच्या लेखी ते दोन निराळे शब्द होत. शोधप्रणालीत तशी सोय केलेली नसेल तर एका रीतीने नोंदविलेले पुस्तक दुसऱ्या रीतीने शोधणाऱ्या सभासदास सापडत नाही, आणि पुस्तक ग्रंथालयात नाहीच, असे समजून तो परत जातो.

ही सोय कोणी करावयाची? बंदिस्त प्रणालीत ते केवळ मालकाच्या हाती असते. रिचर्ड स्टॉलमन यांनी २७ सप्टेंबर १९८३ रोजी ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला, तो याच्या उलट भूमिकेतून: आज्ञावली कोणीही वाचावी, सुधारावी व वाटावी. ग्रंथालयांस या चळवळीचे जवळचे फळ म्हणजे ‘कोहा’. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ ग्रंथालय न्यासाची जुनी प्रणाली इ. स. २००० च्या तारखा पेलणारी नव्हती, म्हणून न्यासाने १९९९ मध्ये नवी करवून घेतली. जानेवारी २००० पासून ती वापरात आली, आणि मुक्त परवान्याने सर्वांस खुली झाली. माओरी भाषेत ‘कोहा’ म्हणजे भेट. परतफेडीची जाणीव ठेवून स्वीकारावयाची भेट.

ही परतफेड पैशाने करावी लागत नाही. अनुवादानेही ती होते. वर मूळ इंग्रजी वाक्य, खाली रिकामी ओळ, अशा याद्या अनुवादकापुढे येतात. काम सोपे वाटते, पण वाक्य कोठे उमटणार हे ठाऊक नसल्यास मराठीत पाऊल अडते. ‘काढून टाकले’ या अर्थी इंग्रजीत एक रूप पुरते. मराठीत ग्रंथ काढला, नोंद काढली, पुस्तक काढले. शिवाय मूळ वाक्य बदलले की खालचा अनुवाद संशयित ठरतो आणि कोणीतरी तो पुन्हा तपासावा लागतो. पडद्यावरील चार शब्दांचे मराठीकरण उत्साहाने होते. मार्गदर्शिकेची लांबच लांब पाने मागे राहतात. वस्तुतः नवख्या ग्रंथपालास गरज असते ती त्या पानांचीच.

शब्द घडविण्याच्या कामी मराठी विकिपीडियाच्या स्वयंसेवकांनी दाखविलेली सूझ उल्लेखनीय आहे. १ मे २००३ पासूनचा हा ज्ञानकोश मीडियाविकी या मुक्त प्रणालीवर चालतो. सरावाच्या पानास त्यांनी ‘धूळपाटी’ म्हटले, चर्चेच्या जागेस ‘चावडी’. पाटीवर धूळ पसरून अक्षरे गिरवावी व पुसून टाकावी, ही जुन्या शाळेची रीत ज्यास ठाऊक आहे त्यास निराळ्या स्पष्टीकरणाची गरज उरत नाही. कोशात बसून घडविलेल्या कित्येक संस्कृतप्रचुर संज्ञांस हे भाग्य लाभलेले नाही.

बुऱ्हाणपूरच्या मराठी भाषकांस या कामाचे महत्त्व अधिक. जुन्या मध्य प्रदेशात हिंदीबरोबर मराठीही राजभाषा होती. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर येथे ती राहिली नाही, आणि महाराष्ट्र शासनाचे परिभाषाकोश तयार झाले ते सीमेपलीकडे. मुक्त प्रणालीच्या अनुवादकास मात्र कोणी राज्य विचारीत नाही. कोहाच्या मार्गदर्शिकेसाठी अर्ध्या ‘ऱ्’ च्या दोन रीतींविषयी चार ओळी लिहून पाठविणे येथील ग्रंथपालासही शक्य आहे. त्रुटी कळविताना उदाहरणादाखल शब्द द्यावे लागतात. ‘वऱ्हाड’, ‘कऱ्हाड’, ‘गुऱ्हाळ’ यांच्या रांगेत ‘बुऱ्हाणपूर’ही बसते.