मुक्या युगाचा नट : रिन टिन टिन

भरतमुनींनी अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार सांगितले आहेत. हे चारही एका नटाच्या ठिकाणी एकवटले म्हणजे नाट्य पूर्णत्वास जाते, असा शास्त्राचा संकेत आहे. परंतु चित्रपटाच्या इतिहासात सुमारे तीस वर्षांचा असा एक काळ होऊन गेला की, या चारांपैकी वाचिक अभिनय पडद्यावरून जवळजवळ हद्दपार झाला होता. मूकपटाच्या त्या काळात राजाची भूमिका करणारा नटही मुका होता आणि त्याच्या दाराशी बसलेला कुत्राही मुका होता. मनुष्य आणि जनावर यांच्यामधील सर्वांत मोठी दरी म्हणजे वाणी. ती दरी काही वर्षांपुरती बुजली, आणि तेवढ्या अवधीत एक कुत्रा चित्रसृष्टीतील अव्वल नटांच्या पंक्तीला जाऊन बसला. रिन टिन टिन हे त्याचे नाव. त्याच्या उदयाचे आणि अस्ताचे कारण एकच आहे, आणि तेच त्याच्या चरित्रात सर्वांत लक्षणीय आहे.

कुत्र्याला पडद्यावर आणण्याची कल्पना त्याच्या आधीची. इंग्लंडमध्ये सेसिल हेपवर्थ याने १९०५ साली 'रेस्क्यूड बाय रोव्हर' हा काही मिनिटांचा चित्रपट काढला. पळवून नेलेल्या तान्ह्या मुलाचा माग काढून त्याला आईबापांकडे परत मिळवून देणाऱ्या कुत्र्याची ही कथा. त्यातील कुत्रा हेपवर्थच्या घरचा, त्याचे नाव ब्लेअर. आणि मूलही हेपवर्थचेच. या चित्रपटाच्या प्रतींना एवढी मागणी आली की, मूळची फिल्म झिजून गेली आणि सबंध चित्रपट आणखी दोन वेळा नव्याने घ्यावा लागला. पुढे अमेरिकेत १९२१ साली 'द सायलेंट कॉल' या चित्रपटातून स्ट्राँगहार्ट नावाचा कुत्रा प्रसिद्धीस आला. तो जन्माने जर्मन होता आणि मेंढपाळी जातीचा होता. याच जातीच्या दुसऱ्या एका कुत्र्याने लवकरच त्याच्यावर मात केली.

या दुसऱ्या कुत्र्याचा इतिहास पहिल्या महायुद्धाच्या रणभूमीवर सुरू होतो. सप्टेंबर १९१८ मध्ये अमेरिकन सैन्याने फ्रान्सच्या लोरेन प्रांतात साँ-मिएल येथे जर्मनांना मागे रेटले. त्या धुमश्चक्रीत, १५ सप्टेंबर रोजी, ली डंकन हा अमेरिकन हवाई दलातील कॉर्पोरल विमाने उतरविण्याजोगी जागा शोधीत फ्लिरे या उद्ध्वस्त गावी गेला. तेथे बाँबगोळ्यांनी ढासळलेले एक कुत्र्यांचे ठाणे त्याच्या दृष्टीस पडले. जर्मन सैन्यासाठी कुत्रे तयार करण्याची ती जागा. आत एक उपाशी कुत्री आणि तिची नुकतीच जन्मलेली पाच पिल्ले एवढीच काय ती जिवंत उरली होती. डंकनने त्यांना छावणीत आणले आणि त्यांतील एक नर व एक मादी अशी दोन पिल्ले स्वतःकडे ठेवून घेतली. फ्रेंच मुली त्या काळी सैनिकांना शुभशकुनाच्या म्हणून लोकरीच्या बाहुल्यांची एक जोडी देत; त्या बाहुल्यांची रिन टिन टिन आणि नानेट ही नावे या पिल्लांना मिळाली. नानेट अमेरिकेत पोहोचताच न्यूमोनियाने दगावली. रिन टिन टिन तेवढा कॅलिफोर्नियापर्यंत पोहोचला.

डंकनच्या लहानपणी बापाने घर सोडले आणि आईच्याने मुले पोसवेनात, म्हणून या मुलाची काही वर्षे अनाथालयात गेली. माणसाच्या मायेची शाश्वती ज्याला लहानपणी मिळाली नाही, त्याने रणांगणावरच्या एका पोरक्या जिवावर आपला सगळा जीव लावावा, यात नवल नाही. पुढील सगळा इतिहास या दोघांचा आहे. एकट्या कुत्र्याचा नाही.

आणखीही एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. रिन टिन टिन हा शत्रूचा कुत्रा होता. युद्धाच्या काळात जर्मन या शब्दाचाही लोकांना एवढा तिटकारा आला होता की, ब्रिटनमध्ये या जातीच्या नावातून तो शब्द काढून टाकला आणि तिला अल्सेशियन म्हणण्याचा प्रघात पडला. हिंदुस्थानात हेच नाव रुळले. अमेरिकेतील नोंदवहीतूनही तो शब्द काही वर्षे गाळण्यात आला होता. अशा दिवसांत जर्मन सैन्याच्या ठाण्यात सापडलेले एक पिल्लू चार-पाच वर्षांच्या आत अमेरिकेतील घरोघरच्या मुलांचा लाडका वीर बनले. सैनिकांच्या मनातील जी कटुता तहनाम्यांनी पुसली गेली नाही, ती एका मुक्या प्राण्याच्या बाबतीत आपोआप विरून गेली.

डंकनने कुत्र्याला उंच उडी मारण्यास शिकविले होते. लॉस एंजेलिस येथील कुत्र्यांच्या एका प्रदर्शनात त्याने सुमारे १२ फूट उंचीवरून उडी मारली आणि डंकनच्या एका परिचिताने ती नव्या धर्तीच्या कॅमेऱ्याने टिपली. तेव्हापासून कुत्र्याला चित्रपटात आणण्याच्या ध्यासाने डंकनला झपाटले. स्वतः कथा लिहून तो एकेका चित्रसंस्थेचे उंबरठे झिजवू लागला. १९२२ साली 'द मॅन फ्रॉम हेल्स रिव्हर' या चित्रपटात रिन टिन टिनला लांडग्याचे एक काम मिळाले. आणि १९२३ साली वॉर्नर बंधूंच्या 'व्हेअर द नॉर्थ बिगिन्स' या चित्रपटाने त्याचे नाव सर्वतोमुखी केले. वॉर्नर बंधूंची संस्था त्या वेळी लहान आणि कर्जात होती. या कुत्र्याचा चित्रपट लागला की थिएटरवरचे गहाण सुटते, असे चित्रगृहाचे मालक म्हणत. डॅरिल झॅनक हा पुढे मोठ्या चित्रसंस्थेचा सूत्रधार झालेला लेखक आरंभी याच कुत्र्यासाठी कथा लिहीत असे. १९२२ ते १९३१ या काळात रिन टिन टिनने २५ हून अधिक चित्रपटांत कामे केली.

या कामांचे स्वरूप काय होते? 'क्लॅश ऑफ द वुल्व्ज' हा १९२५ सालचा चित्रपट सुदैवाने आज उपलब्ध आहे आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट-संग्रहसूचीत २००३ साली त्याचा समावेश झाला आहे. त्यात रिन टिन टिन लांडग्यांच्या कळपाचा नायक आहे. पायात निवडुंगाचा काटा रुतल्याने तो लंगडू लागतो. एक तरुण त्याचा काटा काढतो आणि त्या उपकाराला तो जन्मभर जागतो. लंगडण्याचे ते काम कोणत्याही कसलेल्या नटाने पाहावे असे आहे. 'द नाइट क्राय' या १९२६ सालच्या चित्रपटात त्याच्यावर मेंढ्या मारल्याचा खोटा आळ येतो. वास्तविक अपराध एका प्रचंड गिधाडाचा असतो. पण आपल्या निरपराधित्वाची ग्वाही देण्यास कुत्र्यापाशी शब्द नसतात. मूकपटाला याहून अनुरूप कथानक कोणते असणार? आरोपी, फिर्यादी आणि न्याय करणारा, तिघेही सारखेच मुके.

आता कुत्र्याला खरोखर अभिनय येतो काय, असा प्रश्न विचारवंतांनी केला आहे. आंगिक अभिनय त्याच्यापाशी भरपूर होता, याविषयी दुमत नाही. सात्त्विक भावाचा मोठा भाग मात्र प्रेक्षक आपल्या पदरचा घालीत होता. याच सुमारास रशियात कुलेशॉव्ह या दिग्दर्शकाने एका नटाचा एकच निर्विकार चेहरा निरनिराळ्या दृश्यांशेजारी जोडून दाखविला, तेव्हा लोकांना त्याच चेहऱ्यावर कधी भूक, तर कधी शोक दिसला. कुत्र्याच्या डोळ्यांबाबतही हेच घडे. पण त्या डोळ्यांतील एकाग्रता कृत्रिम नव्हती. डंकन कॅमेऱ्याच्या बाजूस उभा राहून हाताने आणि आवाजाने त्याला सूचना देत असे. दृश्य चालू असताना त्याला मोठ्याने बोलण्यास कोणतीच आडकाठी नव्हती, कारण मूकपटाच्या कॅमेऱ्याला कान नव्हते.

येथेच या चरित्राचे मर्म आहे. १९२७ साली वॉर्नर बंधूंनीच 'द जॅझ सिंगर' हा चित्रपट काढला आणि पडदा बोलू लागला. एका कुत्र्याच्या कमाईवर ज्या संस्थेने आपला कठीण काळ निभावला, तिनेच त्याच्या कलेचे युग संपविले. डिसेंबर १९२९ मध्ये संस्थेने डंकनला कळविले की, बोलपटांच्या नव्या धोरणात प्राण्यांच्या चित्रपटांना स्थान नाही, कारण कुत्रे बोलत नाहीत. हे कारण वरवर बिनतोड दिसते; परंतु ते अपुरे आहे. कुत्रा पूर्वीही बोलत नव्हता. नव्या यंत्राने मुके केले ते त्याच्या धन्याला. ध्वनिग्राहकासमोर डंकनचा शब्द उच्चारला गेला की दृश्य बाद होणार. आणि त्या शब्दावरच तर कुत्र्याचे सगळे काम चाले. यापुढे प्राणी शिकविणाऱ्यांना एक तर हाताच्या खुणांवर विसंबावे लागले, किंवा ध्वनी मागाहून वेगळा भरावा लागला.

रिन टिन टिनच्या वैभवाबरोबर दंतकथाही वाढल्या. १९२९ साली अकादमीची पारितोषिके प्रथम दिली गेली, तेव्हा उत्कृष्ट नट म्हणून सर्वांत अधिक मते या कुत्र्याला पडली होती, पण संकोचाने ती रद्द करून पारितोषिक एमिल यानिंग्स या जर्मन नटाला देण्यात आले, असे अजूनही सांगितले जाते. या कथेला विश्वसनीय कागदपत्रांचा आधार नाही. तो एका विख्यात नटीच्या मांडीवर मरण पावला, हीदेखील तशीच एक कथा. इतिहासाने अशा कथा स्वीकारू नयेत. परंतु त्या का निर्माण झाल्या, हे अवश्य पाहावे. लोकांना तो खरोखरच त्या पारितोषिकास पात्र वाटत होता, एवढे त्यांवरून सिद्ध होते.

उतरत्या काळात डंकनने त्याला नभोवाणीच्या कार्यक्रमात आणि लहान संस्थांच्या क्रमशः चित्रपटांत आणले. 'द लाइटनिंग वॉरियर' हा १९३१ सालचा त्याचा अखेरचा चित्रपट. १० ऑगस्ट १९३२ रोजी लॉस एंजेलिस येथे तो मरण पावला. आर्थिक मंदीने डंकन तेव्हा पुरता नागवला गेला होता. त्याला राहते घर विकावे लागले. तरीही घराच्या आवारात पुरलेला देह काढून त्याने तो फ्रान्सला पाठविला. पॅरिसलगतच्या आनियेर येथील प्राण्यांच्या दफनभूमीत रिन टिन टिनची समाधी आहे. ज्या देशातून पिल्लू म्हणून तो सैनिकांच्या जहाजावर चढला, त्याच देशाच्या मातीत तो परत गेला.

नाव मात्र थांबले नाही. त्याच्या वंशातील कुत्रे तेच नाव धारण करून पुढे आले. दुसऱ्या महायुद्धात डंकन सैन्यासाठी कुत्रे तयार करण्याच्या कामी राबला. १९५४ ते १९५९ या काळात त्याच नावाची दूरचित्रवाणी मालिका अमेरिकेत गाजली. तिच्यातील बरेचसे काम तर दुसऱ्याच घराण्यातील कुत्र्याने केले. हॉलिवूडच्या पदपथावर रिन टिन टिनच्या नावाचा तारा १९६० साली बसविला गेला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये डंकन निवर्तला.

लक्षावधी लोकांनी ज्याला नट मानले, त्याला स्वतःला आपण नट आहोत याची वार्ताही नव्हती. कीर्ती, कर्ज, करार यांतील एकही शब्द त्याच्यापर्यंत पोहोचला नाही. उपलब्ध चित्रपटांत त्याची दृष्टी पडद्याच्या कडेपलीकडे कोठे तरी खिळलेली दिसते. प्रेक्षकांना तेथे हरवलेले मूल, जखमी मित्र किंवा दूरचा शत्रू दिसत असे. कुत्र्याला तेथे डंकन दिसत होता.