परक्या हातांतला नायक

सुपरमॅनच्या चित्रकथा वाचलेल्या प्रत्येकाला एक गोष्ट ठाऊक असते : हा अजिंक्य पुरुष एका हिरव्या खड्यापुढें दुबळा होतो. त्या खड्याचें नांव क्रिप्टोनाइट. परंतु हा खडा लोकांना प्रथम छापील पानावर भेटला नाहीं. १९४० पासून अमेरिकेंत सुपरमॅनच्या साहसांची मालिका नभोवाणीवरून ऐकविली जात असे. त्या मालिकेंत १९४३ मध्यें क्रिप्टोनाइटचा प्रवेश झाला आणि चित्रकथेनें तो सहा वर्षांनीं, १९४९ मध्यें, उसना घेतला. सुपरमॅन ज्या वृत्तपत्रांत नोकरी करतो, त्याचा संपादक पेरी व्हाइट हाहि नभोवाणीचीच देणगी होय. बाहेरच्या लेखणीनें घातलेली ही भर वाचकांनीं आनंदानें आपलीशी केली. असें असतां साठ वर्षांनंतर, त्याच अमेरिकेंत, चित्रपट, दूरचित्रवाणी आणि कादंबरी या क्षेत्रांतून आलेल्या लेखकांवर चित्रकथांचे जुने वाचक एवढे कां खवळले? परक्याविषयींचा आकस एवढेंच कारण सांगून हा प्रश्न सुटत नाहीं. त्यासाठीं या नायकांच्या मालकीचा आणि त्यांच्या वाचकांचा इतिहास पाहावा लागतो.

जेरी सीगल आणि जो शुस्टर हे क्लीव्हलँड शहरांतील दोन तरुण. त्यांचा सुपरमॅन जून १९३८ च्या 'अॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकांत झळकला. आणि त्याचे हक्क त्यांनीं प्रकाशकाला १३० डॉलरांना विकून टाकले. त्या दिवसापासून नायक कंपनीचा झाला आणि लेखक कंपनीचा मोलकरी झाला. पुढल्याच वर्षीं बॅटमॅन आला. त्याच्या कथांवर बॉब केन या चित्रकाराचें नांव मिरवत असे. पण त्या नायकाला रूप देण्यांत आणि त्याच्या कथा रचण्यांत ज्याचा मोठा वांटा होता, त्या बिल फिंगरचें नांव कोठेंहि नसे. कंपन्यांना कथा हव्या होत्या आणि त्या मिळतील तेथून घेतल्या जात. विज्ञानकथांच्या मासिकांत लिहिणारे आल्फ्रेड बेस्टर, एडमंड हॅमिल्टन, ऑटो बाइंडर यांच्यासारखे लेखक चित्रकथांकडे वळले, ते असेच. म्हणजे बाहेरचा लेखक ही अलीकडची आपत्ति नव्हे. तो या धंद्याच्या पायांतच आहे. मात्र बहुतेक कथा निनांवी असत. वाचकाला नायक ठाऊक होता, लेखक ठाऊक नव्हता. त्यामुळें लेखक आपला कीं परका, हा विचारच कोणाच्या मनांत येत नव्हता. खुद्द सीगलनें १९४७ मध्यें हक्कांसाठीं फिर्याद केली, तेव्हां ती तडजोडीनें मिटली आणि दोघांचीं नांवें अंकांवरून नाहींशीं झालीं. पुढें १९५९ मध्यें तो गरजेपोटीं त्याच प्रकाशकाकडे परतला आणि आपणच जन्म दिलेल्या सुपरमॅनच्या कथा कांहीं वर्षें निनांवीपणें लिहीत राहिला. आपल्याच घरांत असा उपरेपणा क्वचितच कोणा लेखकाच्या वांट्यास आला असेल.

ही स्थिति पालटली ती वाचकांच्या पत्रांमुळें. १९६० च्या सुमारास ज्युलियस श्वार्ट्झ या संपादकानें वाचकांचीं पत्रें त्यांच्या पूर्ण पत्त्यांसह छापण्यास सुरुवात केली. गांवोगांवीं एकटेपणानें वाचणाऱ्या मंडळींना एकमेकांचा ठावठिकाणा मिळाला. डेट्रॉइटचे प्राध्यापक जेरी बेल्स आणि मिझुरीचा तरुण रॉय टॉमस यांनीं १९६१ मध्यें 'ऑल्टर-ईगो' नांवाचें छोटेखानी नियतकालिक काढलें. जुन्या अंकांच्या याद्या केल्या. कोणती कथा कोणीं लिहिली याचा छडा लावला. त्याच सुमारास मार्व्हल कंपनीनें आपल्या सर्व नायकांच्या कथा एकाच जगांत गुंफण्यास आरंभ केला. एका मासिकांतील घटनेचे पडसाद दुसऱ्यांत उमटूं लागले. एवढा पसारा ध्यानांत ठेवणें संपादकांनाहि जड जाई. तेव्हां स्टॅन ली यांनीं एक विनोदी बक्षीस जाहीर केलें : कथेंतील विसंगति दाखवून जो वाचक तिचा उलगडाहि करील, त्याला टपालानें एक पाकीट मिळे, पाकीट रिकामें असे, पण तें मिळाल्याचा अभिमान वाचक आयुष्यभर बाळगीत. या थट्टेंत एक मोठी गोष्ट दडलेली होती. कथेची स्मृति सांभाळण्याचें काम कंपनीनें नकळत वाचकाच्या हवालीं केलें होतें. १९६५ मध्यें रॉय टॉमस स्वतः मार्व्हलमध्यें दाखल झाला आणि १९७२ मध्यें मुख्य संपादक झाला. वाचकच घरचा झाला, आणि घर झालें म्हणजे परकाहि आला.

परकेपणाचा पहिला मोठा चटका वाचकांना १९६६ मध्यें बसला. त्या वर्षाच्या जानेवारींत दूरचित्रवाणीवर बॅटमॅनची मालिका सुरू झाली. मातापित्यांचा खून डोळ्यांदेखत पाहिलेला, रात्रीच्या काळोखांत वावरणारा हा सूडकरी पुरुष येथें भडक रंगांत, गंभीर चेहऱ्यानें पोरकट विनोद करूं लागला. मालिका अफाट लोकप्रिय झाली आणि १९६८ पर्यंत तिचे १२० भाग झाले. पण ज्यांनीं बॅटमॅनवर मनापासून प्रेम केलें होतें, त्यांतील पुष्कळांना जग आपल्यालाच हंसत आहे असें वाटलें. पुढें डेनिस ओनील आणि चित्रकार नील अॅडम्स यांनीं बॅटमॅनला पुन्हां त्याच्या मूळच्या अंधारांत नेलें. ओनील हा वृत्तपत्राचा बातमीदार. तोहि बाहेरूनच आला होता. परंतु त्यानें नायकाचा मूळ स्वभाव शोधून काढला, म्हणून वाचकांनीं त्याला कधीं परका म्हटलें नाहीं.

याहून विलक्षण उदाहरण १९८४ चें आहे. इंग्लंडांतील नॉर्थॅम्प्टनचा अॅलन मूर हा लेखक 'स्वॉम्प थिंग' या खप घसरलेल्या मासिकासाठीं पाचारण करण्यांत आला. त्या कथेचा नायक म्हणजे दलदलींत जळून वनस्पतिरूप झालेला एक शास्त्रज्ञ. पुन्हां मनुष्य होण्याची त्याची धडपड हाच कथेचा गाभा. मूरनें आल्याबरोबर सांगितलें कीं, हा शास्त्रज्ञ नव्हेच. शास्त्रज्ञ केव्हांच मेला, आणि त्याच्या आठवणी शोषून घेतलेली वनस्पति स्वतःला माणूस समजत आहे. एका अंकांत त्यानें नायकाची ओळखच उलटी केली. तरी वाचकांनीं त्याला डोक्यावर घेतलें. कारण आधीच्या अंकांत जें घडलें होतें, त्यांतली एकहि घटना त्यानें पुसली नव्हती. उलट त्या सर्व घटनांना पूर्वीं नव्हता असा करुण अर्थ दिला होता.

मग वाचकांचा कौल नेहमींच रास्त असतो काय? तसेंहि म्हणतां येत नाहीं. १९८८ मध्यें बॅटमॅनचा दुसरा साथीदार जेसन टॉड जगावा कीं मरावा, हें ठरविण्यासाठीं प्रकाशकांनीं दूरध्वनीवरून मतें मागविलीं. ५,३४३ मतें मृत्यूच्या बाजूनें पडलीं, ५,२७१ जगण्याच्या. ७२ मतांनीं एका मुलाचा जीव गेला, आणि हें काम कोणा परक्या लेखकानें नव्हे, वाचकांनींच केलें. पुढल्याच वर्षीं आलेल्या बॅटमॅनच्या चित्रपटांत विनोदी भूमिकांसाठीं प्रसिद्ध असलेल्या मायकेल कीटनची निवड झाल्याचें कळतांच निषेधाच्या पत्रांचा वर्षाव झाला. चित्रपट पाहिल्यावर त्यांतल्या पुष्कळांनीं आपलें मत मुकाट्यानें बदललें. अर्थात् संताप हा प्रेमाचा पुरावा असतो. तो न्यायाचा पुरावा असतोच असें नाहीं.

आतां ज्या कालखंडांत हा वाद पेटला त्याकडे वळूं. १९९० नंतरच्या दशकांत चित्रकथांचा बाजार कोसळला. संग्राहकांनीं पैशाच्या आशेनें घेतलेले अंक रद्दीच्या भावाला गेले, आणि १९९६ च्या अखेरीस मार्व्हलनें दिवाळखोरी जाहीर केली. अशा वेळीं कंपन्यांना नवे वाचक हवे होते, आणि त्यांना खेचण्यासाठीं बाहेर नांवाजलेला लेखक हें सोपें साधन होतें. चित्रपट-दिग्दर्शक केव्हिन स्मिथ १९९८ मध्यें 'डेअरडेव्हिल' लिहूं लागला. दूरचित्रवाणीचा लेखक जे. मायकेल स्ट्राझिन्स्की २००१ मध्यें स्पायडरमॅनकडे आला. कादंबरीकार ब्रॅड मेल्ट्झर यानें २००४ मध्यें 'आयडेंटिटी क्रायसिस' ही सात अंकांची कथा लिहिली. खप वाढला. पण गाऱ्हाणींहि वाढलीं. कांहीं गाऱ्हाणीं साधींच होतीं. स्मिथनें २००२ मध्यें सुरू केलेली स्पायडरमॅनची सहा अंकांची एक कथा तिसऱ्या अंकावर थांबली, आणि चौथा अंक तीन वर्षांहून अधिक काळानंतर निघाला; ज्याचें पोट दुसऱ्या धंद्यावर चालतें, त्याला येथील वायद्याची काय पर्वा, असें वाचक म्हणूं लागले.

खरें दुखणें मात्र निराळें होतें, आणि तें दोन वर्षांची तुलना केल्यानें स्पष्ट होतें. १९७३ मध्यें स्पायडरमॅनची प्रेयसी ग्वेन स्टेसी हिचा ग्रीन गॉब्लिन या खलनायकाच्या हातून मृत्यु झाला. लेखक जेरी कॉनवे तेव्हां अवघा विशीचा होता. वाचक हादरले, त्यांनीं त्याला दोष दिला. पण तें दुःख कथेच्या आंतलें होतें. ग्वेन मेली, म्हणून ती जगली होती हें खोटें ठरलें नाहीं. कांहीं काळानंतर त्याच वाचकांनीं त्या कथेला स्पायडरमॅनच्या श्रेष्ठ कथांत स्थान दिलें. २००४ मध्यें स्ट्राझिन्स्कीच्या कथेनें सांगितलें कीं, मृत्यूपूर्वीं ग्वेनचा त्याच खलनायकाशीं संबंध आला होता आणि तिला त्याच्यापासून जुळीं मुलेंहि झालीं होतीं. येथें नवें कांहीं घडलें नव्हतें. एकतीस वर्षांपूर्वीं वाचकानें जें पाहिलें, ज्यासाठीं तो रडला, तें तसें नव्हतेंच असें त्याला बजावण्यांत आलें होतें. मेल्ट्झरच्या कथेचेंहि असेंच झालें. १९६० च्या आगेमागें निर्माण झालेल्या, हंसतखेळत रहस्यें सोडविणाऱ्या एका जोडप्यांतील पत्नीचा त्यानें खून दाखविला, आणि तिच्यावर पूर्वीं बलात्कार झाला होता व तो नायकांनीं लपवून ठेवला होता, असें उघड केलें. मेल्ट्झर स्वतः लहानपणापासून याच कथांचा भक्त होता. तेव्हां परका म्हणून त्याला दूर सारतां येत नव्हतें. म्हणजे वाचकांचा रोष जन्मानें परक्या लेखकावर नव्हता. भूतकाळाला खोटें पाडणाऱ्या लेखणीवर होता.

कीर्तनकार उत्तररंगांत आख्यान रंगवितांना स्वतःच्या पदरची कितीहि भर घालतो आणि श्रोते माना डोलावतात. परंतु द्रौपदीनें कृष्णाचा धांवा केलाच नव्हता असें तो सांगूं लागला, तर मंडप रिकामा व्हावयास वेळ लागणार नाहीं. अमेरिकन वाचकाचें म्हणणें याहून फारसें वेगळें नव्हतें.

या रोषांत एक अन्यायहि होता, तोहि नमूद केला पाहिजे. ग्वेनचीं मुलें स्पायडरमॅनचींच असावींत, असा आपला मूळ बेत होता, असें स्ट्राझिन्स्कीनें पुढें सांगितलें. संपादकांना तें रुचलें नाहीं. २००७ मध्यें सैतानाशीं केलेल्या एका सौद्यानें स्पायडरमॅनचा १९८७ मध्यें झालेला विवाहच पुसून टाकण्यांत आला, तेव्हां त्याच्या शेवटच्या अंकांवरून आपलें नांव काढून टाकावें असें स्ट्राझिन्स्कीला वाटलें होतें. कारण तो निर्णय संपादकांचा होता. वाचकांना शिव्या देण्यासाठीं मुखपृष्ठावरचें नांव सांपडतें. बंद खोलींत ठरविणारा मालक सांपडत नाहीं. ग्वेनच्या मुलांची कथा २०२१ मध्यें दुसऱ्या लेखकानें रद्द केली. तीं मुलें म्हणजे एक रचलेला बनाव होता असें ठरलें. ज्या उपायानें जखम झाली, त्याच उपायानें ती बुजविली गेली.

तरीहि वाचकांच्या या हट्टी स्मृतीला केवळ पोरकटपणा म्हणून उडवून लावतां येत नाहीं. बिल फिंगर हा बॅटमॅनच्या निर्मितींतील भागीदार आहे, हें १९६५ मध्यें न्यूयॉर्कच्या वाचक-संमेलनांत त्याच्याच तोंडून ऐकलें गेलें; आणि तें लिहून प्रसिद्ध केलें तें जेरी बेल्स या वाचकानें. फिंगर १९७४ मध्यें उपेक्षेंतच वारला. सीगल आणि शुस्टर यांच्यासाठीं व्यंगचित्रकारांनीं लोकमत जागें केलें, तेव्हां डिसेंबर १९७५ मध्यें कंपनीनें त्यांना वार्षिक तनखा दिला आणि सुपरमॅनच्या कथांवर त्यांचीं नांवें पुन्हां छापलीं जाऊं लागलीं. फिंगरचें नांव बॅटमॅनखालीं अधिकृतपणें येण्यास २०१५ साल उजाडावें लागलें. त्यामागेंहि जुन्या कथांच्या अभ्यासकांची चिकाटी होती.

कंपनीच्या दप्तरांत नायकाचा मालक कोण याची नोंद होती. त्याला कोणीं घडविलें हें मात्र वाचकांनींच ध्यानांत ठेवलें. नव्या लेखकानें त्या स्मृतींत खुशाल भर घालावी, क्रिप्टोनाइटसारखी शंभर रत्नें आणावींत; पण आधीं पाहुण्यासारखें दाराशीं थांबून, आंत कोण राहत आहे याची चौकशी करावी. वाचकांची मागणी एवढीच होती.